पहिला फटका

मराठी भाषेनें आरंभशूर माणसाची जितकी थट्टा केली आहे तितकी आळशी माणसाचीहि केली नसेल. आळशी मनुष्य निदान कोणास आशा तरी लावीत नाहीं. आरंभशूर मात्र मोठा गाजावाजा करून कामास हात घालतो आणि चार दिवसांनीं तें काम जेथल्या तेथें टाकून मोकळा होतो. त्यामुळें आरंभींचें शौर्य हा एक दोषच होय, अशी समजूत आम्हांस लहानपणापासून करून देण्यांत आली होती. ह्या समजुतीस पहिला धक्का हिरव्या बनातीच्या एका टेबलानें दिला, असें सांगितल्यास वाचकांस हंसूं येईल. पण गोष्ट खरी आहे. पॉकेट बिलियर्ड्स, म्हणजे ज्यास हल्लींचीं मुलें नुसतें 'पूल' म्हणतात, तो खेळ असा आहे कीं त्यांत आरंभशूर असणें ही कायद्याची आज्ञाच आहे. भीत भीत आरंभ करणारास तेथें दोष लागतो.

ह्या खेळाशीं आमचा परिचय उतारवयांत झाला, आणि तोहि भाच्याच्या निमित्तानें. आमच्या पेठेंत एका दुकानाच्या माडीवर चारपांच टेबलें मांडलेली एक जागा आहे. संध्याकाळीं तेथें कॉलेजांतील मुलांची गर्दी असते. टेबल तासाच्या हिशेबानें भाड्यानें मिळतें, आणि भाडें हरणारानें द्यावयाचें असा तेथला शिरस्ता आहे. आमच्या पिढीच्या मनांत बिलियर्ड्स म्हटलें कीं दोनच चित्रें उभीं राहत: एक जिमखान्यांतील साहेबाचें आणि दुसरें वाया गेलेल्या मुलाचें. वस्तुतः पुण्यास ह्या खेळाचें वावडें असण्याचें कांहींच कारण नाहीं. विल्सन जोन्स ह्यांचा जन्म १९२२ सालीं पुण्यांतच झाला. १९५८ सालीं कलकत्त्यास आणि पुन्हां १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यांनीं हौशी खेळाडूंचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. कोणत्याहि खेळांत वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. मुंबईच्या मायकेल फरेरा ह्यांनीं तेंच पद १९७७, १९८१ व १९८३ ह्या सालीं जिंकलें. स्नूकर हा खेळ तर जबलपूरच्या छावणींत १८७५ च्या सुमारास नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें काढला असें मानतात. पण हे सारे ह्या घराण्यांतील वडील भाऊ. पूल हा अमेरिकेंत वाढलेला धाकटा. आणि धाकट्यास असतें त्याप्रमाणें त्यास घराण्याची अदब कमी व हौस अधिक.

टेबलाची रचना एकदां ध्यानांत घेतली म्हणजे पुढचें सर्व सोपें जातें. सामन्यांच्या नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते; दोन सारखे चौरस एकास एक जोडावे तशी. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशीं सहा पॉकेटें. चेंडू सव्वादोन इंच व्यासाचे. 'एट-बॉल' ह्या अत्यंत लोकप्रिय प्रकारांत पांढऱ्या चेंडूखेरीज पंधरा चेंडू असतात: १ ते ७ एकरंगी, ९ ते १५ पट्ट्यांचे आणि ८ क्रमांकाचा काळा. एका खेळाडूनें एकरंगी सात घालावयाचे, दुसऱ्यानें पट्ट्यांचे सात. आपले सात संपवून जो काळा घालील तो जिंकला. आरंभीं हे पंधराहि चेंडू त्रिकोणी चौकटींत एकमेकांस घट्ट भिडवून मांडतात आणि चौकट अलगद उचलून घेतात. त्रिकोणाचें टोंक टेबलाच्या एका कडेपासून पाव लांबीवर असलेल्या खुणेवर येतें. काळा चेंडू तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बसतो. मागच्या दोन कोपऱ्यांत एक एकरंगी व एक पट्ट्याचा असावा लागतो. समोरच्या कडेपासून तितक्याच अंतरावर एक आडवी रेषा कल्पिलेली असते. तिच्या मागें पांढरा चेंडू ठेवून खेळाडू पहिला फटका मारतो. ह्या फटक्यास ब्रेक म्हणतात.

ब्रेक कोणीं करावा हें ठरविण्यासाठीं दोघेहि एकेक चेंडू समोरच्या कुशनावर असा मारतात कीं तो परत आपल्याकडे यावा. ज्याचा चेंडू अलीकडच्या कुशनाच्या अधिक जवळ थांबेल त्यानें ठरवावयाचें. नाणें उडविण्यापेक्षां ही रीति आम्हांस अधिक सभ्य वाटली. पुढच्या फटक्यांत जोर लागावयाचा असतो. त्याचा अधिकार मात्र हात किती हलका आहे हें पाहून मिळतो.

आतां कायदा पाहूं. ब्रेकमध्यें एखादा चेंडू पॉकेटांत पडला आणि दुसरा कांहीं दोष घडला नाहीं, तर खेळाडूची पाळी चालूं राहते. न पडला तरी तो गुन्हा नव्हे. मात्र न पडल्यास निदान चार चेंडू तरी कोणत्या ना कोणत्या कुशनास जाऊन भिडले पाहिजेत. तसें न झाल्यास ब्रेक बेकायदा ठरतो. मग शिक्षा काय? येथें नियम करणारांच्या शहाणपणाचें आम्हांस कौतुक वाटतें. ते गुण कापीत नाहींत कीं दंड सांगत नाहींत. ते निवड प्रतिस्पर्ध्याच्या हातीं देतात. त्यानें वाटल्यास आहे ही मांडणी पत्करून पुढें खेळावें. वाटल्यास चेंडू पुन्हां मांडून स्वतः ब्रेक करावा. वाटल्यास पुन्हां मांडून त्याच भित्र्या गृहस्थाकडून ब्रेक करवावा. भावाभावांच्या वाटणींत एकानें वाटे घालावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, अशी जी आपल्याकडील जुनी तोड, तिच्याच जातीचा हा न्याय आहे. ज्याच्या कसुरीनें डाव बिघडला त्याचा निवडीचा हक्क गेला, एवढेंच.

पण मुळांत हा चार चेंडूंचा नियम हवा कशाला? आम्हीं भाच्यास हाच प्रश्न केला. तो म्हणाला, "मामा, नियम नसता तर मी पांढरा चेंडू त्या त्रिकोणाला नुसता टेकवला असता. मग फोडायचं काम समोरच्याचं. तोही नुसता टेकवणार. तासाचं भाडं मात्र चालू." उत्तर इतकें व्यवहारी होतें कीं त्यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. बंद मुठीसारखा तो त्रिकोण कोणीं तरी फोडल्यावांचून खेळच अस्तित्वांत येत नाहीं. आणि जो फोडतो तो समोरच्याचीहि वाट मोकळी करतो, हा त्यांतला धोका. शहाण्या माणसाची प्रवृत्ति अशी कीं धोका दुसऱ्यानें पत्करावा आणि फळ आपण घ्यावें. नियमानें ह्या शहाणपणाची वाट बंद केली आहे. तो यशाची मागणी करीत नाहीं, एकहि चेंडू पडला पाहिजे असें म्हणत नाहीं. तुम्हीं खरोखर फोडण्याचा प्रयत्न केला एवढ्याचा पुरावा मात्र मागतो, आणि तो पुरावा अंतःकरणांत न शोधतां कुशनावर मोजतो.

प्रत्येक आरंभास हाच नियम लागूं करावा असें मात्र कोणीं समजूं नये. स्नूकरच्या टेबलावर नेमकी उलट रीत दिसते. तेथें पहिल्या फटक्यांत तांबड्या चेंडूंच्या त्रिकोणाची कड हलकेंच चाटून पांढरा चेंडू आपल्या कडेस सुखरूप परत आणणें ह्यांतच कसब आहे. तेथें धडाक्यानें त्रिकोण फोडणारा प्रतिस्पर्ध्यास आयतें ताट वाढून देतो. फार कशाला, पूलमधीलच 'स्ट्रेट पूल' हा जुना प्रकार घ्या. विली मोस्कोनी ह्यांनीं १९५४ सालीं ओहायोंतील स्प्रिंगफील्ड येथें ओळीनें ५२६ चेंडू घालून ज्यांत कीर्ति मिळविली तो हा प्रकार. ह्यांत प्रत्येक चेंडू व पॉकेट आधीं सांगून घालावें लागतें. पहिल्या फटक्यांत सांगितलेला चेंडू पडला नाहीं, तर दोन चेंडू आणि शिवाय पांढरा चेंडू कुशनास लागले पाहिजेत. न लागल्यास दोन गुण वजा. म्हणून त्यांतील जाणते खेळाडू कोपऱ्यांतील दोन चेंडू कुशनापर्यंत जाऊन परत यावेत इतकाच हिशेबी धक्का देतात. तेथें भित्रेपणास सावधपणा हें नांव आहे, आणि तें यथार्थ आहे. 'नाइन-बॉल' मध्यें आणखी तिसराच न्याय: नऊ चेंडूंची मांडणी पत्त्यांतील चौकटच्या आकाराची, पांढऱ्या चेंडूनें प्रथम १ क्रमांकासच स्पर्श केला पाहिजे, आणि रूढ नियमांप्रमाणें पहिल्याच निर्दोष फटक्यांत ९ क्रमांकाचा चेंडू पडला तर डाव तेथेंच जिंकला! एकाच टेबलावर, त्याच चेंडूंनीं खेळावयाच्या तीन डावांत आरंभाचे तीन धर्म. कोणत्या डावांत आपण आहों हें ओळखल्याशिवाय शौर्य चांगलें कीं सावधपणा चांगला, ही चर्चा व्यर्थ आहे.

ह्या फटक्याचें आणखी एक नवल आहे. पंधरा चेंडू सारख्या वजनाचे, सारख्या आकाराचे, भूमितीच्या आकृतीप्रमाणें मांडलेले. तरी दोन ब्रेक एकसारखे कधीं होत नाहींत. दोन चेंडूंमध्यें केंसाएवढी फट राहिली तरी धक्का पोंचण्याचा क्रम बदलतो, आणि क्रम बदलला कीं दिशा बदलते. चेंडू चेंडूस भिडतो तो काळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि लहान. एवढ्या अवधींत सगळ्या डावाचें भवितव्य ठरून जातें. ह्याच संदर्भांत भाच्यानें आम्हांस कोरिओलिस ह्या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट सांगितली. फिरत्या पृथ्वीवर वारे सरळ न वाहतां वळतात, तें ज्याच्या नांवानें ओळखतात तोच हा. १८३५ सालीं त्यानें फिरत्या यंत्रांतील गतीवरचा तो प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच सालीं बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गणितावर एक स्वतंत्र ग्रंथहि! हें सांगतांना मुलाचा चेहरा असा फुलला कीं पूल खेळतांना देखील आम्हीं तो तसा पाहिला नव्हता. त्यास चेंडूंपेक्षां वाऱ्यांचें अधिक प्रेम आहे ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती तेव्हां.

पण वाऱ्यांकडे वळण्यापूर्वीं काळ्या चेंडूविषयीं बोललें पाहिजे. कारण त्या माडीवर जेवढीं भांडणें होतात त्यांतलीं निम्मीं त्याच्यावरून होतात. ब्रेकमध्येंच काळा पडला तर काय? कोणी म्हणतो, ब्रेक करणारा जिंकला. कोणी म्हणतो, हरला. दोन्ही पंथ आपापल्या जागीं कित्येक वर्षें चालत आलेले आहेत. जागतिक संघटनेच्या लेखी नियमांत दोन्हीहि नाहीं: निर्दोष ब्रेकमध्यें काळा पडणें हा विजय नव्हे आणि गुन्हाहि नव्हे. ब्रेक करणारानें वाटल्यास काळा पुन्हां खुणेवर ठेवून आहे त्या मांडणीवर खेळावें, वाटल्यास सर्व चेंडू मांडून पुन्हां ब्रेक करावा. काळ्याबरोबर पांढराहि पॉकेटांत गेला, तर निवड प्रतिस्पर्ध्याची: काळा खुणेवर ठेवून, पांढरा रेषेमागें हातीं घेऊन खेळावें, किंवा नव्यानें ब्रेक करावा.

एके संध्याकाळीं दोन मुलांत ह्यावरून चांगलीच जुंपली. एकाच्या पहिल्याच फटक्यांत काळा पडला. तो विजयाची आरोळी ठोकून क्यू ठेवूं लागला. दुसऱ्याच्या खिशांत टेबलाचें भाडें देण्यापुरतेहि पैसे नसावेत असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. प्रथमग्रासे मक्षिकापात म्हणतात तो हाच. पण ह्या बिचाऱ्यानें तर अजून घासहि उचलला नव्हता, माशी दुसऱ्याच्या घासांतली आणि ओकारी ह्याला! जागेच्या मालकांकडे तंटा गेला. त्यांनीं पुस्तक काढलें नाहीं. "सुरू करायच्या आधी काय ठरलं होतं?" एवढेंच विचारलें. कांहींच ठरलें नव्हतें. "मग मांडा पुन्हा," ते म्हणाले. नियम कोणता चांगला हें फटक्यानंतर ठरवूं गेल्यास प्रत्येकाचें मत त्याच्या चेंडूच्या जागेवर अवलंबून राहतें. मालकांनीं दिलेला निकाल लेखी नियमाशीं जवळजवळ जुळला हा योगायोग; त्यामागें होती ती माणसांची पारख.

आम्हांस मात्र सर्वांत विचारांत पाडणारा नियम वेगळाच आहे. ब्रेकमध्यें एखाद्याचे पट्ट्यांचे दोन चेंडू पडले, तर तो पट्ट्यांचा गट त्याचा झाला, असें कोणासहि वाटेल. लेखी नियम म्हणतो, नाहीं. टेबल अजून उघडें आहे. पाळी त्याचीच, पण गट ठरावयाचा तो पुढें, ब्रेकनंतर नांव सांगून घातलेल्या पहिल्या चेंडूवरून. कॅरममध्यें ब्रेक करणाराच्या वाट्यास पांढऱ्या सोंगट्या आधींच लिहिलेल्या असतात, तशी ही गोष्ट नव्हे. येथें नियमानें नशीब आणि निवड ह्यांची फार नाजूक फोड केली आहे. नशिबानें जें पडलें त्याचें फळ म्हणून तुम्हांस आणखी एक संधि मिळते, ती हिरावून घेत नाहींत. पण त्या नशिबास तुमच्या वतीनें निर्णय करूं देत नाहींत. टेबलाभोंवतीं एक फेरी मारा, काय कोठें पडलें आहे तें पाहा, आणि मग आपल्या तोंडानें सांगा.

हा नियम आम्हीं नुसता वाचला असता तर विसरलों असतों. पण त्याच दिवसांत आमच्या बहिणीच्या घरीं एक निराळाच तंटा चालूं होता. भाच्यास दहावींत गणितास व शास्त्रास उत्तम गुण पडले होते. गुण पडले म्हणून शास्त्रशाखा. शास्त्रशाखा म्हणून अभियांत्रिकी. त्यास कोणीं विचारलें नव्हतें, आणि खरें म्हणजे त्यानेंहि स्वतःस विचारलें नव्हतें. पहिल्या फटक्यांत ज्या रंगाचे चेंडू पडले तो रंग त्याचा, असें सर्वांनीं मानलें, त्यानेंहि मानलें. दोन वर्षें कशीबशी काढल्यावर एके रात्रीं त्यानें सांगितलें कीं मला हें सोडून भूगोल घ्यावयाचा आहे. घरांत जणूं कोणी गेल्यासारखी शांतता पसरली. बहिणीनें डोळ्यांस पदर लावला. मेहुण्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें, कारण माडीवर त्याच्याबरोबर जाणारा वडील माणूस आमच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता, आणि म्हणून थोडासा आरोप आमच्यावरहि होता.

आम्हीं त्यांस उघड्या टेबलाचा नियम समजावून सांगितला. मेहुणे हिशेबखात्यांत आयुष्य घालविलेले गृहस्थ, त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "नियम चांगला आहे. पण तुमच्या खेळात चेंडू पुन्हा मांडता येतात. इथं दोन वर्षांची फी गेली, ती कुठल्या खुणेवर पुन्हा ठेवायची?" ह्या प्रश्नास उत्तर नाहीं, आणि आहे असें दाखविण्याची आमची छाती झाली नाहीं. आयुष्यांत त्रिकोण पुन्हां मांडून मिळत नाहीं. खेळाची उपमा तेथेंच थांबते. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं पुन्हां मांडून द्या असें तो म्हणतहि नाहीं. आहे त्याच मांडणीवरून, पडलेले चेंडू पडले असें समजून, पुढचा चेंडू कोणता तें त्याचें त्यास सांगूं द्यावें. मेहुण्यांनीं त्यावर हो म्हटलें नाहीं. परंतु प्रवेशअर्जावर सही केली.

ह्यास आतां दीड वर्ष झालें. मुलगा भूगोलाच्या दुसऱ्या वर्षास आहे. गुण मध्यम पडतात. मागच्या महिन्यांत वर्गाबरोबर एका नदीचें पात्र मोजावयास जाऊन तापानें फणफणून परतला आणि तापांतहि नदीविषयींच बोलत होता. त्याचें पुढें काय होईल तें सांगतां येत नाहीं. नोकरी मिळेल कीं नाहीं, हा मेहुण्यांचा घोर खोटा आहे असेंहि आम्ही म्हणणार नाहीं.

परवां मात्र एक गोष्ट घडली. मेहुणे आम्हांस शोधीत प्रथमच त्या माडीचा जिना चढून वर आले. त्या वेळीं भाचा ब्रेक करीत होता. त्रिकोण फुटला, चेंडू चहूंकडे धांवले, पट्ट्यांचे दोन पॉकेटांत गेले. मुलगा क्यूच्या टोंकास खडू लावीत टेबलाभोंवतीं फिरूं लागला. मेहुण्यांनीं आमच्या कानाशीं हळूंच विचारलें, "म्हणजे आता पट्ट्यांचे त्याचे?"

"अजून ठरलं नाही," आम्ही म्हणालों.

"कोण ठरवणार?"

आम्हीं मुलाकडे बोट दाखविलें. तो काय सांगतो तें ऐकण्यासाठीं मेहुणे छत्री भिंतीस टेंकून बांकावर बसले.